तीन दांडे

वाडग्यातला जवाचा भात बरोबर अर्धा संपला आणि म्हातारीनं चमचा खाली ठेवला.

"एवढंच? घरात दुष्काळ पडलाय का?"

चुनोकनं वाडगा फिरवला. डावीकडं राहिलेला भात उजवीकडं आला. म्हातारीच्या लेखी तो आत्ताच कुठून तरी आला होता. "लपवून ठेवतेस व्हय माझ्यापास्नं," म्हणत ती पुन्हा जेवायला लागली. मग बांगड्याच्या तुकड्यासाठी ताटलीही फिरवावी लागली. दिवसातून तीनदा हा खेळ चालायचा. पहिल्या महिन्यात चुनोकला त्याचं हसू यायचं, दुसऱ्यात रडू यायचं. आता पाचव्यात हात आपोआप वाडगा फिरवत होता.

जोंगसेंग म्हातारी तिची सासू. मागच्या थंडीच्या तोंडाला शेतात मुळे उपटता उपटता ती आडवी झाली. मेंदूच्या उजव्या अंगाला रक्त साकळलंय, असं डॉक्टर म्हणाले. बेटावरच्या जेजू शहरातल्या दवाखान्यात अठरा दिवस काढून ती घरी आली, ती अर्धं जग तिकडंच ठेवून. डोळे शाबूत होते, पण डावीकडं काही असतं हेच तिच्या ध्यानातून गेलं होतं. डावीकडून कुणी आलं तर ते आलंच नाही. केस विंचरायची ते उजवीकडचेच. डावा पाय ओढत चार पावलं चालायची, पण डाव्या हाताला ना हालचाल होती ना स्पर्श. कान तर दर्यानं आधीच खाल्ले होते. पन्नास वर्षं बुड्या मारणाऱ्या बाईचे कान राहतात कुठं? या सगळ्यावर कडी म्हणजे आपल्याला काही झालंय हे तिला मुळीच मान्य नव्हतं.

"हा तुझा हात काढ बघू माझ्या अंथरुणातनं," ती रोज सकाळी म्हणायची, आणि स्वतःचाच डावा हात उजव्या हातानं उचलून बाजूला टाकायची.

"आत्याबाई, तुमचाच हाय तो."

"माझे हात मला ठाव न्हाईत व्हय? तुझाच ह्यो. बघ, कसा मऊ पडलाय कामाबिगर."

आरोग्य केंद्रातली शिम नर्सबाई आठवड्यातून एकदा सायकलवरून यायची. मुख्य भूमीवरची पोरगी, इथली बोली अजून अर्धीच कळत होती, पण हात कामाचा होता. पहिल्या दिवशी तिनं चुनोकला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हुज्जत घालू नका, बोलताना त्यांच्या डाव्या बाजूला बसा, डावा हात चोळत राहा, म्हणजे मेंदूला कधीतरी त्याची आठवण येईल. घास गिळताना हनुवटी खाली ठेवा. दर दोन तासांनी कूस बदला आणि रोज संध्याकाळी दिव्यात सगळं अंग बघा. तेव्हा चुनोकला वाटलं होतं, अंग बघायचं ते कशाला? आठच दिवसांत कळलं. इथल्या घरांत जमिनीखालून चुलीच्या जाळाची वाट जाते, तिथली फरशी तापते. म्हातारीची डावी टाच रात्रभर त्या फरशीवर राहिली आणि सकाळी तिथं लिंबाएवढा फोड. म्हातारी मात्र गाढ झोपून उठली होती.

"आग, काटा, दगड, यातलं काहीही त्यांना डावीकडं कळणार नाही," नर्सबाई म्हणाली होती. "तुम्हालाच त्यांची कातडी व्हावं लागेल."

ऐकायला बरं वाटलं. पण दुसऱ्याची कातडी अंगावर घालून बाई संडासला तरी कशी जाणार, हे त्या पोरीनं सांगितलं नाही.

या बेटावर सून आणि सासू एका अंगणात राहतात, पण एका चुलीवर नाही. आतलं घर एकीचं, बाहेरचं दुसरीचं. चुली दोन, सोयाबीनच्या रांजणांच्या रांगाही दोन. बावीस वर्षांत जोंगसेंगनं सुनेच्या हातचं रोजचं जेवण खाल्लं नव्हतं आणि तिला त्याचा गर्व होता. आता चुनोकनं तिला आपल्या घरात आणून निजवलं होतं, आणि अंगणापलीकडची म्हातारीची चूल पाच महिने थंड होती. "मला माझ्या चुलीवर जाऊ दे," हे पालुपद दिवसातून दहादा व्हायचं. चुनोकनं तिकडच्या काड्यापेट्या गोळा करून आपल्या फळीवर ठेवल्या होत्या.

हे सगळं एखाद्या शेतकरणीला जमलं असतं. पण चुनोक बुडीवाली होती, आणि पंचांगातल्या तिसऱ्या महिन्यात दर्याची उघाडी आली.

उघाडी म्हणजे मियोकचं शेवाळ कापायचे पाच दिवस. हिवाळाभर त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि ठरल्या सकाळी गावच्या सगळ्या बुडीवाल्या एकदम पाण्यात उतरणार. किनाऱ्यावर काळ्या दगडांचं गोल कडं आहे, त्यात शेकोटी पेटते. तिच्याभोवती जिची तिची जागा ठरलेली. वाऱ्याच्या आडोशाची जागा मुख्य बाईची, धुराची जागा नव्या पोरींची. उघाडीचे पाचही दिवस शेकोटीशी हजर राहायचं, आणि लागोपाठ दोन उघाड्या चुकल्या तर जागा गेली, असा गावचा नियम. मागच्या उघाडीला, शिंपल्यांच्या वेळी, चुनोक दवाखान्यात सासूचं अंथरूण बदलत होती. म्हणजे ही चुकली की संपलं. गेलेली जागा पुन्हा मिळायची तर सगळ्यांनी हात वर करावा लागतो, आणि एक बाई कमी झाली तर वाटा वाढतो हे न कळण्याइतक्या बाया भोळ्या नव्हत्या.

गंमत अशी, की हा नियम जोंगसेंगनंच घातला होता. वीस वर्षं ती मुख्य बाई होती. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी न आलेल्या एका पोरीचं नाव तिनं शेकोटीशी उभं राहून काढून टाकलं होतं. "दर्या कुणाची वाट बघत न्हाई," असं ती म्हणाली होती.

चुनोकला त्या जागेची आस नुसती पोटासाठी नव्हती. नवरा लांबच्या दर्यावर मासेमारीच्या जहाजावर, वर्षातून एकदा घरी यायचा आणि पैसे तेवढे नेमानं पाठवायचा. उपाशी कुणी मरणार नव्हतं. पण घरात ती सून होती, दाई होती, आणि आता नर्सबाईच्या म्हणण्याप्रमाणं कातडीही होती. पाण्याखाली गेल्यावर तिला कुणी हाक मारू शकत नव्हतं. एका श्वासापुरती का होईना, ती चुनोक होती.

तिनं दुकानातून नणंदेला फोन केला. नणंद जेजू शहरात राहायची. पाच दिवस आईला ने, असं म्हणताच नणंदेनं आपला दुसरा मजला, नवऱ्याची रात्रपाळी, अरुंद दार सगळं सांगितलं, आणि वर सल्ला दिला, की आईला रोज थोडं चालवत जा गं, बसून बसून माणूस खिळतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय? पण चुनोकची लेक शाळेसाठी त्याच घरात राहत होती, त्यामुळं उलट बोलायची सोय नव्हती. तिनं बरं म्हणून फोन ठेवला. गावात कुणाला सांगावं, तर उघाडीत बाई म्हणून घरी राहते कोण? पुरुष किनाऱ्यावरून ओलं शेवाळ वर वाहून आणतात. नर्सबाईच्या माथी पाच गावं. म्हातारीला पाठीवर घेऊन शेकोटीशी न्यावं, तर आजारी माणूस उघाडीत कड्यात आणायचं नाही, दर्याची देवी कोपते.

म्हातारीला घरात थांबवणं सोपं नव्हतं. चालायला लागली की ती फक्त उजवीकडं वळायची. अंगणात सोडली की घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरायची आणि दर फेरीला म्हणायची, "एवढा लांब रस्ता कधी झाला?" मात्र एकदा रांजणांना धडकून ती उलटी फिरली, फाटक नेमकं उजव्या हाताला आलं, आणि ती बाहेर पडून किनाऱ्याच्या वाटेला लागली. खडकावर पोचायच्या आत चुनोकनं तिला गाठलं म्हणून बरं.

इथल्या फाटकांना दारं नसतात. दोन दगडी खांब, त्यांना तीन तीन भोकं आणि त्यांत आडवे दांडे. एक दांडा घातला असला तर घरची बाई इथंच कुठं तरी आहे. दोन असले तर तास दोन तासांनी येईल. तिन्ही असले तर दिवसभर घरात कुणी नाही, आणि मग सख्खा भाऊही आत पाय टाकत नाही. तीन दांडे ओलांडतो तो चोर, हे लेकरांना चालायच्या आधी शिकवतात.

एक दांडा म्हातारी ओलांडायची. दोन असले की बसून, वाकून खालून निघायची. चुनोकनं तिन्ही घालून पाहिले, आणि म्हातारी अडली.

उघाडीच्या पहिल्या दिवशी तिनं पहाटे म्हातारीला उठवलं, पुसलं, टाच बघितली, कपडे बदलले. भांडं उजवीकडं, पाणी उजवीकडं, पेज उजवीकडं, डावी बाजू भिंतीशी. मग रबरी पोशाख, विळा आणि जाळी घेऊन ती बाहेर पडली. तरंगायचा भोपळा आता थर्माकोलचा झाला होता, तरी त्याला सगळ्या भोपळाच म्हणायच्या. तिनं तिन्ही दांडे बसवले. तिसरा बसवताना लाकूड ओलं असल्यानं अडकलं, तो तिनं तळहातानं ठोकून आत सारला.

पाण्यात डोकं गेलं आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तिला आपला श्वास ऐकू आला. खाली शेवाळ डुलत होतं, माणसाच्या दुप्पट उंचीचं. ती विळ्यानं देठ कापत गेली, छाती फुटायला आली तेव्हा वर आली आणि तोंडातून लांब शीळ सोडली. बुडीवाली वर आली की श्वास असा शिळेनंच बाहेर पडतो. आजूबाजूला चाळीस शिळा चालल्या होत्या आणि प्रत्येकीची निराळी. तिला आनंद झाला. त्या आनंदाची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो गेला नाही.

शेकोटीशी मान्सुक तिच्याकडं वळली. मान्सुक आताची मुख्य बाई, जोंगसेंगच्याच हाताखाली तयार झालेली.

"तुझ्या फाटकाला तिन्ही दांडे बघितले मी. म्हातारीला कुठं ठेवलंस?"

चुनोकच्या ओठांवर खरं आलं होतं. पण चाळीस तोंडं तिच्याकडं बघत होती, आणि या सगळ्यांच्या एकेकाळच्या मुख्य बाईला आपण कोंडून आलोय हे तिच्यानं सांगवलं नाही.

"नणंदेकडं," ती म्हणाली. "शहरात."

"बरं झालं. लेकीनं बी कधी करावं की," मान्सुक म्हणाली, आणि तिला वाऱ्याच्या आडोशाला सरकून जागा दिली.

त्या दिवशी घरी आली तेव्हा म्हातारी बसल्या जागी बसून होती. चुनोकनं मियोकच्या लांब पट्ट्या अंगणातल्या दोरीवर वाळत घातल्या. दुसऱ्या दिवशी म्हातारी अंगणात फेऱ्या घालत होती, डावा खांदा भिंतीला घासून रक्ताळलेला आणि तिला पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी ती ओल्या कपड्यांत उंबऱ्याशी पडली होती. "कुठं उलथली होतीस? हाका मारून घसा बसला," असं म्हणाली आणि तोंड फिरवलं. चुनोकनं तिला धुतलं, पाठ कोरडी केली, माकडहाडावरचा लाल डाग बोटानं दाबून बघितला. लाली गेली नाही. म्हणजे कातडी आतून मरायला लागली, हे नर्सबाईनं सांगून ठेवलं होतं. आता राहिले दोनच दिवस, चुनोक स्वतःशी म्हणाली. दोन दिवसांनी आयुष्यभर सेवा करीन.

चौथ्या दिवशी वारा पडला होता आणि पाणी स्वच्छ होतं. चुनोकची जाळी तीनदा भरली. सगळ्यांत भारी ओझं तिचं होतं, आणि ते पाठीवर घेऊन ती चढ चढून आली तेव्हा शेजारचा यांग आबा कुंपणाच्या दगडांवर शेवाळ पसरत होता. लंगड्या पायामुळं तो किनाऱ्यावर जात नसे.

"आज तुझी सासू आठवली बघ," तो म्हणाला. "दुपारपास्नं एक शीळ येत हुती, हुबेहूब जोंगसेंगची. मला वाटलं, वारं पडलंय म्हणून दर्यावरनं एवढं जवळ ऐकू येतंय."

चुनोकनं ओझं तिथंच टाकलं. तिन्ही दांडे ओढून तिनं बाजूला टाकले. अंथरुणात म्हातारी नव्हती. अंगणात नव्हती. पलीकडच्या घराच्या छपरातून मात्र धूर निघत होता.

म्हातारी आपल्या चुलीशी बसली होती. काडीपेटी कुठून आली, तर उजवीकडच्या मिठाच्या मडक्यात तिनं एक पूर्वीच दडवलेली होती. दोरीच्या उजव्या टोकाची मियोक तिनं ओढून आणली होती आणि लोखंडी पातेल्यात तिचं कालवण रटरटलं होतं. पुढ्यातला वाडगा अर्धा खाल्लेला होता. चेहरा प्रसन्न होता. खोलीत वास होता तो मात्र कालवणाचा नव्हता.

"मासळी करपलीय तुझी," म्हातारी म्हणाली. "आणि जरा बघ गं, मला कुणी तरी धरून ठेवलंय. उठूच देईना. कवापास्नं शीळ घालतीय."

डावा हात पातेलं आणि चुलीचा दगड यांच्या फटीत अडकला होता. बाही जळून मनगटाला चिकटली होती. चुनोकनं पातेलं फडक्यानं उचललं, हात सोडवला आणि गार पाण्याच्या घमेल्यात धरला. तीन बोटं पांढरी पडली होती आणि तळव्याची कातडी पाण्यात सुटून तरंगायला लागली. म्हातारी पाण्याकडं बघतही नव्हती. ती उजव्या हातानं कालवण खात होती, आणि म्हणत होती, की बावीस वर्षांत तुला माझ्यासारखं कालवण जमलं नाही.

यांग आबानं निरोप नेला. तासाभरात शिम नर्सबाई आली, आणि तिच्या मागोमाग मान्सुक आणि आणखी चार बाया, केस अजून ओले. नर्सबाईनं जखम धुतली, मेलेली कातडी कापली, मलमाचं कापड घालून पट्टी बांधली. बोटं राहतील की नाही हे आठ दिवसांनी कळेल. पट्टी रोज बदलायची, आणि आता यांना क्षणभरही एकटं सोडायचं नाही, असं ती खालच्या आवाजात म्हणाली. ती रागावली असती तर चुनोकला सोसलं असतं. ती रागावली नाही.

मान्सुक फाटकाशी पडलेल्या तीन दांड्यांकडं बघत होती.

"आम्हाला सांगायचं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "दांड्यांमुळं आबा आत आला न्हाई. न्हाईतर दुपारीच हात निघाला असता."

"सांगितलं असतं," चुनोक म्हणाली. "तर कोण राहिलं असतं घरी? तू?"

बाकीच्या चौघींनी आपल्या ओल्या पायांकडं पाहिलं. एकीनं उगाच दोरीवरची मियोक सारखी केली.

"उद्या पाचवा दिवस," शेवटी मान्सुक म्हणाली. "मी तुला ये म्हणू शकत न्हाई, आणि नको येऊ असंबी म्हणू शकत न्हाई. नियम हिचाच हाय. हिच्या सुनंसाठी मोडला, तर नाव काढलेल्या त्या बाळंतिणीला काय तोंड दावू? ती अजून गावातच हाय."

चुनोकनं मान हलवली. तिला मान्सुकचा राग आला नाही. दांडे घालताना तिनं स्वतःच पैज लावली होती, आणि हात दुसऱ्याचा गेला होता. जाताना बायांनी तिचं चढावर पडलेलं ओझं उचलून आणलं आणि न सांगता वाळत घातलं. तेवढंच त्यांना करता येण्यासारखं होतं.

पाचव्या सकाळी चुनोकनं तिन्ही दांडे कुंपणाला टेकवून ठेवले आणि म्हातारीला ओसरीवर बसवलं. ओसरीच्या उजव्या हाताला दर्या दिसतो. पाण्यावर रंगीत ठिपके पसरले होते आणि शिळा सुरू झाल्या होत्या. चुनोक ऐकत होती. ही मान्सुकची, ही तिच्या धाकट्या जावेची, ही धुराच्या जागेवरच्या नव्या पोरीची. मधली एक जागा रिकामी होती आणि ती तिच्याशिवाय कुणाला ऐकू येत नव्हती.

म्हातारीला शिळा ऐकू येत नव्हत्या, पण ठिपके दिसले.

"सगळ्या बाया दर्यात," ती म्हणाली, "आणि तू हितं बसलीस? उघाडी हाय न्हवं? तुला काय धाड भरलीय?"

तुमच्यामुळं, असं म्हणता आलं असतं. पाच महिने ते चुनोकच्या दातांमागं होतं. ती म्हातारीच्या डाव्या बाजूला सरकली, पट्टी बांधलेला हात अलगद उचलला आणि उजवीकडं, म्हातारीच्या जगात आणून तिच्या मांडीवर ठेवला.

"माझा हात भाजलाय, आत्याबाई."

म्हातारी वाकून बघायला लागली. पट्टीच्या बाहेर डोकावणारी सुजलेली बोटं तिनं उजव्या हातात घेतली, उलटी सुलटी केली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. बावीस वर्षांत चुनोकनं तो चेहरा पाहिला नव्हता.

"अगं माझे बाई," ती म्हणाली. "एवढा? आणि बोलली न्हाईस?" तिनं तोंड जवळ नेलं आणि बोटांवर फुंकर घातली, दर्यातून वर आलेल्या बाईचा तो लांब श्वास, शीळ न घालता. "दुखतंय का?"

"दुखतंय," चुनोक म्हणाली, आणि तिला रडू आलं.

"रडू नको. तुझी जागा कुठं जात न्हाई. मी सांगीन मान्सुकला. माझ्या शब्दाभाईर न्हाई ती." म्हातारीनं हात सदऱ्याखाली झाकून घेतला आणि उजव्या हातानं तो पोटाशी घट्ट धरला. "पण भाजल्या हातानं खाऱ्या पाण्यात जायचं न्हाई. ह्यो हात बरा होईस्तवर घरातनं हलायचं न्हाई. समजलं?"

"समजलं," चुनोक म्हणाली.

पेजेचा वाडगा अर्धा संपला होता. तिनं तो फिरवला.